देवकाला बसायचं कुणी

हिंदुरावांनी उभी हयात एस.टी.च्या पार्सल खिडकीवर काढली. दुसऱ्यांच्या गाठोड्यांवरची नावं वाचायची, मोठ्यानं पुकारायची, सही घ्यायची. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी कुणाच्या हातात पिशवी दिसली की त्यांची नजर आधी चिठ्ठीवर जाई. बजाबाई म्हणायच्या, "माणसाच्या तोंडाकडं बघावं की आदी!" आता बजाबाई नव्हत्या, श्रावणातच गेल्या. त्यामुळं लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी ऋतुराज दारात उभा राहिला तेव्हा म्हाताऱ्याला आवरणारं कुणी उरलं नव्हतं, आणि त्यांनी पोराच्या तोंडाआधी बॅगेवरची विमानाची चिठ्ठी वाचली.

"अल्मग्रेन," ते अडखळत म्हणाले. "ही कुनाची बॅग उचलून आनलीस रं?"

"माझीच आहे, आप्पा."

"हितं नाव दुसरं हाय."

ऋतुराजनं बॅग खाली ठेवली. त्याच्या मागं त्याची परदेशी बायको सिग्ने पाया पडायला वाकली होती. सासऱ्यानं पाय मागं घेतले, आणि ती बिचारी तशीच वाकलेली राहिली. शेवटी रेश्मानं, म्हणजे नवरीनंच, तिला धरून उभं केलं.

"नाव बदललंय मी," ऋतुराज म्हणाला. "लग्नानंतर दोघांनी मिळून सिग्नेचं आडनाव ठेवलं. तिकडं चालतं तसं."

"तिकडं चालतं." हिंदुराव सोफ्यावर बसले. "शेळवन्यांचा थोरला ल्योक बायकोचं नाव लावतो, आन् बापाला ते कळतं बॅगेवरनं! पत्रिकेत काय छापलंय रं म्या? चिरंजीव ऋतुराज हिंदुराव शेळवणे. सोलापूरच्या सात रस्त्यापास्नं टेंभुर्णीपातुर वाटलीय ती पत्रिका!"

कोपऱ्यात हिंदुरावांचा धाकटा भाऊ कुंडलिक बसला होता. टेंभुर्णीजवळची शेती तोच बघायचा, बायकोला घेऊन कालच आला होता. त्याची बायको अनसूया दुधनीकडची. तिच्या जिभेला हाड नव्हतं.

"अय्यो," ती म्हणाली, "आडनाव काय सदरा हाय व्हय, ह्यो नगं, त्यो घाल?"

कुणी हसलं नाही. घरात मयत झालं की लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. म्हणून रेश्माचं लग्न ह्या मार्गशीर्षात धरलं होतं. अंगणातल्या मांडवाला तोरण होतं, पण घरात हसायची कुणाची हिंमत नव्हती. लग्नाआधी देवक आणायचं असतं. शेळवण्यांचं देवक, म्हणजे कुळाचं पूज्य झाड, कळंब. जोडप्यानं गाठ बांधून कळंबाच्या झाडाकडं जायचं, झाडाची पूजा करायची, नवऱ्यानं कुऱ्हाडीनं एक फांदी तोडायची, ती आणून मांडवात बसवायची. हिंदुराव आता एकटे. एकट्याला देवकाला बसता येत नाही. बसणार होते ऋतुराज आणि सिग्ने. बजाबाईंनीच दवाखान्यातनं तसं सांगून ठेवलं होतं.

"देवकाला कुंडलिक आन् अनसूया बसतील," हिंदुराव म्हणाले.

"आप्पा!" रेश्मा ओरडली. "आईनं दादाला सांगितलं होतं."

"तुज्या आईला ह्ये नाव ठावं हुतं का?"

रेश्मानं भावाकडं पाहिलं. ऋतुराज म्हणाला, "होतं."

हिंदुरावांचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला. मघाचा राग परवडला असता, असं ऋतुराजला वाटलं.

"तिला सांगितलंस आन् मला न्हाय."

"ती म्हणाली, मी सांगते त्यांना. तू गडबड करू नकोस, माझं ऐकतात ते. मग ती आजारी पडली. मग..." आईच्या तेराव्याला तो पाठीवर एक पिशवी टाकून दोन दिवसांसाठी आला होता. त्या दोन दिवसांत असली गोष्ट बापाला सांगायला तोंड कुठलं?

"दादा, मी कशाला बसू देवकाला," कुंडलिक मध्येच हिंदुरावांना म्हणाला. "पोरगं हाय की. नावाचं काय घिऊन बसलाय?"

ही गोष्ट जरा चमत्कारिकच होती. एरवी मान मिळाला की कुंडलिक फेटा बांधून तयार. आज तो उठून नळावर पाणी प्यायला गेला, आणि बराच वेळ आलाच नाही.

* * *

"तुला लाज कशी वाटली नाही रे?" गच्चीवर रेश्मानं भावाला धरलं. "माझं लग्न उद्या. आई नाही. आणि तू हे आजच आणलंस दारात!"

"चिठ्ठी फाडून टाकायची विसरलो."

"चिठ्ठीचं नाही म्हणत मी!"

सिग्ने पाण्याच्या टाकीला टेकून उभी होती. तिला मराठी येत होती, आणि शिकली होती ती बजाबाईंकडनं. दर रविवारी फोन समोर ठेवून सासू भाकरी थापायची, सून तिकडं भांडी घासायची. त्यामुळं ती पोरगी सोलापुरात उतरली की शेजारीपाजारी तोंडाला पदर लावून हसायचे. गोरीपान बाई आणि बोली टेंभुर्णीची!

"रेश्माताई," ती म्हणाली, "चूक माजी हाय. माज्या बापाला भाऊ न्हाय, पोरगा न्हाय. नाव संपत आलं हुतं. म्या रडले. मग ह्यो म्हनला, मी घेतो."

"असलं काय आहे त्या नावात?"

"झाड हाय."

मग दोघांनी मिळून सांगितलं. सिग्नेच्या खापरपणज्याचं आडनाव अँडर्सन होतं, म्हणजे अँडर्सचा पोरगा. त्यांच्याकडं पूर्वी बापाचंच नाव मागं लावायचे. मग निम्मं गाव अँडर्सन! हाक मारली की चौघं वळायचे. पुढं लोक नवी नावं शोधायला लागले. कुणी डोंगर घेतला, कुणी ओढा, कुणी झाड. खापरपणजा दुसऱ्याच्या शेतावर राबणारा गडी. स्वतःचं म्हणावं असं एकच, खोपटापुढचं झाड. अल्म त्याचं नाव. आपल्याकडं ते नाही. पानाला करवतीसारखे दाते, आणि पान देठापाशी एका बाजूला तोकडं. ग्रेन म्हणजे फांदी. अल्मग्रेन, अल्मची फांदी.

"दारापुढचं झाड घर राखतं, असं समजायचे तिकडं," ऋतुराज म्हणाला. "त्याचं पानसुद्धा तोडायचं नाही. बाळंतपण अडलं की बाई झाडाला मिठी मारायची."

"आईला सांगितलं होतंस हे?"

"आत्याबाईंनी सगळं ऐकलं," सिग्ने म्हणाली; सासूला ती आत्याबाईच म्हणायची. "आन् म्हनल्या, अगं, मग ह्ये तर तुमचं देवकच की! नाव गेलं कुटं? फांदी हिकडची तिकडं झाली."

रेश्मा हमसून हमसून रडायला लागली. आईचं बोलणं असं परक्या तोंडातनं, जसंच्या तसं, चार महिन्यांत तिच्या कानावर पडलं नव्हतं. भावावरचा तिचा राग गेला नाही, पण तो आता बापाकडं वळला.

खाली येऊन ती म्हणाली, "आप्पा, देवकाला दादा-वहिनी बसणार नसतील तर मी हळद लावून घेणार नाही."

"मग बस तशीच," हिंदुराव म्हणाले. "गाडी काडा. देवक आपल्या शेतातल्या कळंबाचं आनायचं. सगळी चला."

"दादा," कुंडलिक घाईनं म्हणाला, "एवड्या लांब कशाला? हितं मारुतीच्या देवळामागं कळंब हाय की. देवाचंच झाड."

"माज्या बापानं, आज्यानं जिथनं फांदी आनली तितनंच येनार. आज तर येनारच!"

* * *

कुंडलिक ड्रायव्हरशेजारी बसला होता. मोहोळ गेलं. मांडीवर कुऱ्हाड, तिला हळदीकुंकू लावलेलं. मागं बायको नव्या साडीत टेचात बसलेली. तिला कालपास्नं ऋतुराजच्या बायकोचा मान टोचत होता, आणि आता मान आपसूक पदरात पडला होता. तिला काय ठाऊक!

पुढच्या पुलावर सांगू, असं तो मनात म्हणाला. पूल आला, गेला. दादाचे गुडघे धरलेत, बजावहिनींच्या आजारपणापास्नं दादा शेतात हिंडला नाही, ह्याच भरवशावर त्यानं चार महिने काढले होते. लग्न सोलापुरात, देवक मारुतीच्या मागनं, झालं गेलं विसरून जाईल, असा हिशोब. आणि त्या पोरानं नाव काय बदललं, म्हातारा सगळ्यांना घेऊन निघाला थेट झाडाकडंच! चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही.

टेंभुर्णीच्या अलीकडं गाडी कच्च्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना ऊस.

"कुंडलिक," मागनं दादाचा आवाज आला, "कळंब हितनं दिसतो की रं. उसाच्या वर शेंडा दिसायचा."

"ऊस लई वाढलाय, दादा," कुंडलिक म्हणाला.

* * *

विहिरीच्या वरच्या बांधावर गाडी थांबली. हिंदुराव काठी टेकत उतरले आणि उभेच राहिले.

बांधावर झाड नव्हतं. जमिनीलगत कापलेला बुंधा होता, ताटाएवढा, राखाडी. उसाच्या वाळक्या पाचटात निम्मा बुडालेला.

"कुनी तोडला?"

वारा उसातनं सळसळत होता. ड्रायव्हर हळूच गाडीमागं गेला.

"कुनी तोडला म्हनतो मी!"

"म्या," कुंडलिक म्हणाला. "दादा, त्यो वाळलेला हुता. उसाचं पानी मुळात मुरलं, जमीन खारावून चोपन झाली. वरीसभर उभ्या उभ्या वाळला."

"वाळला म्हनून देवकावर कुऱ्हाड घालायची? आपला आजा ह्या झाडाच्या सावलीत चप्पल घालत न्हवता!"

"पुढचं ऐक की." कुंडलिकनं कुऱ्हाड खाली ठेवली, हात जोडले. "वैनीला अग्नी द्यायला हितं शेतात आनलं, त्या दिवशी पाऊस कसा हुता आठवतंय का? टेंभुर्णीवरनं आनलेलं लाकूड समदं भिजलेलं. तीनदा काडी लावली, धरंना. लोकं भिजत उबी. तू शेडात डोळं मिटून बसला हुतास, तुला काय ठावं न्हाय. माज्या वैनीला असं अर्धवट ठिवू? मला आईवानी हुती ती! मग धावत आलो हितं. झाड आतनं कोरडं ठनठनीत हुतं. तोडलं, फोडलं, सरनात घातलं. एका काडीत पेटलं, दादा."

हिंदुरावांनी काठी दोन्ही हातांनी धरली. त्या दिवसाचं त्यांना एकच आठवत होतं. धुरातनं अचानक उठलेला जाळ, आणि कुणीतरी बोललेलं, पुण्यवान बाई, पावसातबी पेटली. ते वाक्य त्यांनी चार महिने मनाशी धरलं होतं. रात्री झोप येईना की तेच घोकायचे.

"देवक जाळलंस," ते हळू म्हणाले. "माज्या बजेला देवकावर जाळलीस."

"व्हय."

अनसूयाचा आवाज चढला. "आन् मला शेजारी घिऊन देवकाला बसनार हुता तुमी? ह्याच हातानं? तोंडातनं चकार शबूद न्हाय! अवो, उद्या पोरीच्या संसाराला काय झालं असतं म्हंजे?" ती रडायला लागली, आणि तशीच नवऱ्यापासनं लांब जाऊन रेश्माजवळ उभी राहिली.

ऋतुराज बुंध्यापाशी गुडघ्यांवर बसला होता. त्यानं पाचट बाजूला केलं. कुठं एखादा हिरवा कोंब असेल म्हणून सगळीकडनं बघितलं. काही नव्हतं. आई ह्याच लाकडावर गेली आणि त्या वेळी आपण तिकडंच होतो, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं.

सिग्ने पूजेचं ताट घेऊन पुढं आली.

"मामंजी," ती म्हणाली, "आमचं झाडबी गेलं. अल्माला रोग आला. किडा सालीखाली बुरशी सोडतो, आन् झाड उभ्या उभ्या वाळतं. माज्या आज्यानं तोडलं. जाळावंच लागतं, न्हाईतर दुसऱ्या झाडास्नी लागतं. आजा लई रडला. मी बारकी हुते."

हिंदुराव तिच्याकडं बघत राहिले. 'लई' म्हणताना ती अक्षर लांबवायची, थेट बजाबाईंसारखं.

"मग झाड न्हाय, तर नाव कशाला ठिवलंय?"

"नाव बी सोडलं तर झाड हुतं ह्ये कुनाला कळनार?"

म्हातारा काठी टेकत बुंध्यापाशी आला. मग खाली बसायला लागला. गुडघे ऐकेनात, तेव्हा ऋतुराजनं काखेत हात घालून बसवलं, आणि त्यांनी तो हात झटकला नाही. बुंध्यावर त्यांनी तळवा ठेवला.

"बसायचं कुनी मग?" ते म्हणाले, जसं काही स्वतःलाच विचारत होते. "एकानं नाव टाकलं. एकानं झाड जाळलं. दोगं सारखेच. आन् मी? मी चार महिनं हिकडं फिरकलो न्हाय. मग तिनं ज्याला सांगितलं त्योच बसंल. ऋतुराज, कुऱ्हाड घे."

"आप्पा, फांदी कुठं आहे तोडायला?"

"ह्या खोडाची ढलपी काड. दुसऱ्या झाडाची फांदी मला नगं." त्यांनी तळव्यानं खोडावरची धूळ पुसली. "तुज्या आईचं एवडंच राह्यलंय. बाकीचं तिच्यासंगं गेलं."

अनसूयानं डोळे पुसले आणि पुढं झाली. सिग्नेच्या पदराची आणि ऋतुराजच्या उपरण्याची गाठ तिनंच बांधली, घट्ट. जोडप्याच्या डोक्यावर छतासारखं धरायचं धोतर कुंडलिक लांबूनच बघत होता. "धर की," हिंदुराव त्याच्याकडं न बघता म्हणाले. कुंडलिकनं टोक धरलं. ढलपी निघेपर्यंत त्यानं ते खाली येऊ दिलं नाही.

* * *

संध्याकाळी नारायण भटजी मांडवात बसले तेव्हा पाटावर आंब्याच्या पानांत बांधलेली एक वाळकी ढलपी होती. पाव्हण्यांत कुजबुज सुरू झाली. ह्ये कसलं देवक? हिरवं पान न्हाय त्याला! अनसूया ताडकन म्हणाली, "आमच्या घरचं हाय. तुमाला चालत नसंल तर जेवून जावा." कुजबुज थांबली. रेश्मानं त्या ढलपीला हळद लावली आणि हात तिथंच ठेवला, भटजी खाकरेपर्यंत.

"यजमानांनी नाव सांगावं," भटजी म्हणाले. "आडनावासकट."

"ऋतुराज हिंदुराव..." तो थांबला. समोर बाप उभा होता, खांबाला टेकून. आज एक दिवस, आईसाठी, खोटं बोललं तर काय बिघडलं? "शेळ..."

"देवापुडं खोटं नगं," हिंदुराव म्हणाले. आणि मग पार्सल खिडकीवर पुकारायचे तसं, मांडवभर ऐकू जाईल अशा आवाजात, एकेक अक्षर सुटं करून त्यांनी नाव पुकारलं, "अल्म-ग्रेन. ऋतुराज हिंदुराव अल्मग्रेन."

एक चुलत मेव्हणा उठून बाहेर निघून गेला.

"काय नाव म्हणायचं हे?" भटजींनी विचारलं.

"झाडाच्या फांदीचं हाय," हिंदुराव म्हणाले. "म्हना तुमी."

सिग्नेनं मान वर करून सासऱ्याकडं पाहिलं, पण ते वळले होते. एकट्या माणसानं देवक बसताना समोर राहू नये, असं हिंदुरावांनी आधीच सांगितलं होतं, आणि ते आत गेले. आत बजाबाईंच्या खोलीत पलंगाची गादी गुंडाळून ठेवली होती. ते नुसत्या फळ्यांवर बसले. बाहेर भटजींनी नाव घेतलं, चुकीचंच घेतलं, आणि ऋतुराजनं ते नीट करून सांगितलं. ऋतुराजच्या पोराबाळांना शेळवणे म्हणून आता कुणी हाक मारणार नव्हतं, हे म्हाताऱ्याला त्या क्षणी लख्ख समजलं, आणि त्याचं दुःख त्यांना कुणाजवळ सांगता येण्यासारखं नव्हतं.

शेजारच्या रिकाम्या जागेवर त्यांनी हात ठेवला.

"तू सांगनार हुतीस मला," ते म्हणाले. "तुज्या तोंडनं ऐकलं असतं गं मी. सांगून तरी जायचं हुतं."